पडद्यामागचा नाविक

देवळातील उत्सवाची नाटके पाहिलेल्या वाचकांस हे सांगावयास नको की, नटाच्या पाठीशी पडदे ओढणारा व दिवे सांभाळणारा एक वर्ग उभा असतो आणि त्याचे नाव प्रेक्षकांस क्वचितच ठाऊक असते. हा मनुष्य जहाजावर काम करू लागला म्हणजे तो कोण ठरतो, रंगकर्मी की नाविक? या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने दोन वेळा दिले आहे.

इ. स. १८१९ मध्ये उत्तरेकडील सागरी मार्ग शोधीत निघालेल्या विल्यम पॅरी या ब्रिटिश अधिकाऱ्याची ‘हेक्ला’ व ‘ग्रायपर’ ही जहाजे हिवाळ्यासाठी मेलव्हिल बेटापाशी बर्फात थांबली. सूर्य सुमारे तीन महिने दिसणार नव्हता. औदासीन्य हा तेथे रोगाइतकाच घातक शत्रू होता. म्हणून ‘हेक्ला’वर रंगमंच उभारण्यात आला आणि ५ नोव्हेंबर रोजी गॅरिकच्या ‘मिस इन हर टीन्स’ या प्रहसनाचा प्रयोग झाला. व्यवस्था लेफ्टनंट बीची यांजकडे होती. पुढे पंधरवड्यास एक प्रयोग होऊ लागला. रंगमंच उभारण्यात व मोडण्यात खलाशांचे हात गुंतून राहतात, हाही पॅरीस मोठा लाभ वाटला. तेथे नाविक रंगकर्मी झाला.

आज क्रम उलटला आहे. २००९ साली सेवेत आलेल्या ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’ या प्रवासी जहाजावर ‘हेअरस्प्रे’ हे ब्रॉडवेचे संगीत नाटक होऊ लागले. अशा जहाजावर मंचाखालची भूमीच हलणारी. म्हणून प्रत्येक देखावा जखडून ठेवावा लागतो. शिवाय ‘टायटॅनिक’च्या १९१२ मधील दुर्घटनेनंतर जे सागरी सुरक्षेचे करार झाले, त्यांच्या परंपरेतील प्रचलित करारानुसार संकटसमयी प्रत्येक कर्मचाऱ्याचे काम आधीच नेमलेले असते. संकटाचा इशारा झाला की दिवे सांभाळणारा मनुष्यही नेमल्या जागी हजर झाला पाहिजे.

कर्तव्य नाविकाचे असेल तर हक्कही नाविकाचेच हवेत. २००६ च्या सागरी श्रम कराराने हे मान्य केले. जहाजावर कोणत्याही नात्याने काम करणारा तो नाविक, अशी त्याची व्यापक व्याख्या आहे. हा करार २०१३ मध्ये अमलात आला व २०१५ मध्ये भारताने त्यास संमती दिली. विश्रांतीच्या मापाने पाहता चोवीस तासांत किमान १० व आठवड्यात ७७ तास त्यास मिळालेच पाहिजेत. मात्र एखाद्या वर्गाविषयी शंका निघाल्यास जहाजमालकांच्या व नाविकांच्या संघटनांशी विचारविनिमय करून निर्णय देतो तो ज्या देशाचे निशाण जहाजावर फडकते त्या देशाचा अधिकारी. आणि अनेक प्रवासी जहाजांवर बहामा किंवा पनामाचे निशाण असते.

गोव्यातील कित्येक घरांतील तारवटी आजही अशा जहाजांवर जातात. त्यांच्या वडीलधाऱ्यांस आमचे एवढेच सांगणे की, नोकरी लावून देण्याबद्दल नाविकाकडून शुल्क घेण्यास या कराराची मनाई आहे, आणि सही केलेल्या नोकरीच्या कराराची एक प्रत मिळणे हा त्याचा हक्क आहे. ती प्रत घरी ठेवावी, आणि जहाजावर निशाण कोणत्या देशाचे आहे तेही तीवर लिहून ठेवावे.