मुळशीच्या जंगलाचा सातबारा

पुणे पश्चिमेला वाढत गेलं तशी मुळशी तालुक्यातली गावं एकेक करून शहरात ओढली गेली. हिंजवडीचं आयटी पार्क याच तालुक्यातलं. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक 2021 साली महापालिकेत गेली. या बदलाबद्दल बोलताना एक गोष्ट ठरल्यासारखी सांगितली जाते. पूर्वी इथं निव्वळ निसर्ग होता, मग माणूस आला आणि प्राणी हुसकावले गेले. हळहळ खरी असली तरी हा इतिहास अपुरा आहे. मुळशीत कोणता प्राणी तगणार, कुठं वावरणार आणि कोणाशी जोडी जमवणार, हे शतकानुशतकं माणसांच्या रिवाजांनी, श्रद्धांनी आणि जमिनीच्या मालकीनं ठरवलं आहे. शहरानं आणली ती नव्या भोकांची चाळण, आणि तिचा वेग. म्हणून इथल्या प्राण्यांच्या उत्क्रांतीचा विचार करायचा तर जीवशास्त्राच्या पुस्तकाशेजारी सातबाराही उघडून ठेवावा लागतो.

जुन्या मुळशीची जमीन एकजिनसी नव्हती. तळाशी भाताची खाचरं, त्यांत आंबेमोहोर. उतारावर वरकस जमीन, जिथं नाचणी-वरी एक-दोन वर्षं घ्यायची आणि मग रान पडीक सोडायचं. पावसाआधी झाडांच्या फांद्या तोडून, पालापाचोळा आणि शेण पसरून भाताची दाढ भाजायची, म्हणजे राब करायचा. राबासाठी सतत छाटली जाणारी झाडं, पडीक वरकसावरचं गवत आणि झुडपं यांतून सशाला, भेकराला, साळिंदराला, रानडुकराला सोयीचं रान तयार झालं. त्याच्या मधोमध देवराई. वाघजाईच्या, काळूबाईच्या, भैरवनाथाच्या नावानं राखलेल्या या तुकड्यांत कुऱ्हाड चालत नसे, पडलेली फांदीही उचलत नसत. 1970च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचे डोंगर बोडके होऊनही या राखणीत जुने वृक्ष आणि महावेली टिकून असल्याचं त्यांनी नोंदवलं. शेकरूसारखा प्राणी अशाच ठिकाणी निभावतो. तो एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्याच्या शेंड्यावर जातो, जमिनीवर क्वचितच उतरतो. माथ्यांची साखळी तुटली की त्याचं जगच तुटतं. देवराईचं कौतुक करणाऱ्यांनी एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. ज्या गावांनी राई राखली त्यांनीच शिकारही केली आणि राबासाठी डोंगरही तासले. त्यांच्या मनात आजच्या अर्थानं वन्यजीव संवर्धन नव्हतं, देवाची भीती होती. हे मान्य केल्यानं माझा मुद्दा पक्काच होतो. निसर्गाच्या निवडीला माणसाचा हेतू कळत नाही. कुऱ्हाड कुठं थांबली एवढंच तिथं मोजलं जातं.

या मांडणीवर पहिला मोठा घाव घातला तो धरणानं. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीनं नीला आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ बांध घालायचं ठरवलं आणि मुळशी पेट्यातली पन्नासहून अधिक गावं पाण्याखाली जाणार हे स्पष्ट झालं. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी तो लढवला. धरणग्रस्तांच्या लढ्यांचा इतिहास इथून सुरू होतो आणि त्याचं मोल कमी लेखण्याचा प्रश्नच येत नाही. पण त्या बुडितात खाचरांबरोबर नदीकाठचं रानही गेलं आणि वाहतं पाणी साचलं. पूर्वेला भीमेकडं जाणारं मुळेचं पाणी सह्याद्री ओलांडून कोकणात भिऱ्याच्या वीजघरात पडू लागलं. विणीसाठी प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माशांना ही भिंत ओलांडता येत नाही. खोल, संथ पाण्यात दुसरेच मासे माजतात. पुढं देशभरातल्या पाण्यांत कटला-रोहूचं बीज सोडलं गेलं, 1952 साली परदेशातून तिलापिया आणला गेला. नदीतल्या माशांच्या कोणत्या जातीला पुढची पिढी मिळेल, हे आता वीज आणि मत्स्यव्यवसायाची धोरणं ठरवू लागली.

यावर नेहमीचा आक्षेप असा की हा सगळा पर्यावरणाचा बदल झाला, उत्क्रांती नव्हे. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात, शंभर वर्षांत काय होणार? उत्तर मुंबईत आहे. 1896च्या सप्टेंबरात मांडवीतल्या धान्याच्या गोदामांभोवती प्लेग उघडकीला आला. बंदर, धान्याचा व्यापार, दाटीच्या चाळी या सगळ्या माणसांनी उभ्या केलेल्या गोष्टी, आणि त्यांच्याच आधारानं उंदीर वाढले आणि मेले. नंतरच्या वर्षांत प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी मुंबईचे आणि मद्रासचे रानटी उंदीर घेऊन त्यांना प्लेगचे जंतू टोचून पाहिले. मद्रासमध्ये प्लेग फारसा पोहोचलाच नव्हता. तिथले उंदीर जवळजवळ सगळे दगावले, मुंबईचे बरेचसे तगले. दर साथीत कमजोर उंदीर मरत गेले आणि उरलेल्यांची वीण वाढली, हाच त्याचा सरळ अर्थ. उंदराची पिढी काही महिन्यांची असते, म्हणून दहा-पंधरा वर्षं त्याला पुरली. आपल्याच राज्यातला हा दाखला शालेय पुस्तकांत इंग्लंडच्या काजळलेल्या पतंगाशेजारी बसायला हवा.

मुळशीत आज त्याच जातीचा दाब आहे, फक्त तो साथीतून न येता जमिनीच्या बाजारातून येतो. 1996 साली राज्य सरकारनं थंड हवेच्या ठिकाणांसाठी खास नियमावली आणली. पुढं मोसे खोऱ्यात लवासा उभं राहू लागलं, 2010 साली पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली आणि ते नाव देशभर गाजलं. पण खरा पसारा छोट्या तुकड्यांचा आहे. शेतीला कमी दराची वरकस जमीन डोंगर आणि जलाशयाच्या दर्शनामुळे फार्महाऊसला सोन्याची ठरली. जमीन विकलेल्या शेतकऱ्याचं काय झालं हे ‘मुळशी पॅटर्न’नं 2018 साली पडद्यावर आणलं. त्या वरकसावरच्या भेकराची गोष्ट कोणी मांडली नाही. पडीक रानाच्या जागी कुंपण, हिरवळ, रात्रभर जळणारे दिवे आणि राखणीची कुत्री आली. दिव्यांचा परिणाम किरकोळ समजू नये. काजव्याचा नर लुकलुकून मादीला हाक घालतो, आणि उजेडात ती हाक बुडते. युरोपात एका जातीच्या पतंगांच्या अळ्या शहरांतून आणि अंधाऱ्या भागांतून आणून एकाच वातावरणात वाढवल्या, तेव्हा शहरी वंशाचे पतंग दिव्याकडं कमी झेपावले. दिव्यावर जळणारे मेले, न जाणाऱ्यांची पिल्लं राहिली. कुत्र्यांबद्दलही असंच. कचरा उघड्यावर टाकण्याची आपली सवय आणि मुक्या जीवाला खाऊ घालण्याची आपली दया, दोन्हींवर त्यांचे कळप पोसले जातात. पुणे जिल्ह्याच्याच माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. लांडग्याच्या रक्तात आपली कचराकुंडी उतरली आहे असं म्हटलं तर ते अतिशयोक्त नाही.

आणखी एक आक्षेप उरतो. बिबट्या रात्री फिरू लागला, माकड हातातली पिशवी ओढू लागलं, हे तर शिकणं झालं. खरंच बरंचसं शिकणंच आहे. पण शिकू शकणारा जगतो, न शिकणारा मरतो, आणि बुजरेपणा किंवा धीटपणा काही अंशी वारशानं येतो. शिवाय माणसंही शिकतात. 9 डिसेंबर 2020 रोजी कोथरूडच्या महात्मा सोसायटीत एक रानगवा शिरला. मागे मोबाईल घेऊन पळणारा जमाव, दोरखंड, आरडाओरडा, आणि त्याच दिवशी तो मेला. दोन आठवड्यांच्या आत दुसरा गवा बावधनजवळ महामार्गालगत दिसला. या वेळी गर्दी लांब रोखली गेली आणि तो जंगलाकडं परत वळवला गेला. प्राणी तोच, शहर तेच, बदललं ते माणसांचं वागणं.

आता पुण्याच्या रिंगरोडचा पश्चिम भाग मुळशीतून जातो आहे. पलीकडं ताम्हिणीचं अभयारण्य 2013 पासून आहे, पण त्याची हद्द प्राण्यांना कोणी दाखवलेली नाही. रस्त्याखाली नुसती पाण्याची नळी ठेवली तर तिच्यातून मुंगूस जाईल, गवा नाही. उंच, रुंद वाट ठेवली तर गवाही जाईल. शेकरूला यातलं काहीच उपयोगाचं नाही, त्याला झाडांचे माथे जुळलेलेच लागतात. नागपूर-सिवनी रस्त्यावर पेंचच्या जंगलात अशा वाटा बांधल्या गेल्या आणि वाघांसह अनेक प्राणी त्या वापरताना कॅमेऱ्यांत टिपले गेले, तेव्हा हे अशक्य आहे असं म्हणायला जागा नाही. मुळशीत ही मापं ठरवताना निविदेच्या कागदांबरोबर गावोगावच्या देवरायांचा नकाशाही टेबलावर असला पाहिजे, कारण शेकरूची पुढची पिढी कुठं जोडीदार शोधणार हे त्याच बैठकीत ठरतं आहे.