ओव्याचे फूल आणि पिलांचा दाणा

चांदणी चौक ओलांडून पौडाच्या रस्त्यास लागले म्हणजे थोड्याच अंतरावर जे भूगाव लागते, ते आज पुण्याचेच उपनगर होऊन बसले असले, तरी सरकारी दप्तरात ‘मुळशी पेटा’ म्हणून ज्या भाताच्या मुलखाची नोंद होत असे, त्याचे ते पूर्वेकडील गाव होय. आणि या मुलखात कोंबडी हा धंदा नव्हता, गृहिणीच्या हातखर्चाचा तो आधार होता. खुडुक कोंबडीखाली अंडी मांडावीत, एकविसाव्या दिवशी पिले निघाली की डालग्याखाली झाकून त्यांना तांदळाची कणी टाकावी, आणि ती मलूल दिसू लागली की ओवा, लसूण, हळद यांपैकी घरात असेल ते वाटून पाण्यातून द्यावे, एवढेच त्यातले शास्त्र. मानमोडीची साथ आली म्हणजे मात्र हे सारे व्यर्थ ठरे आणि दोन-चार दिवसांत खुराडे ओस पडे.

त्या ओव्याचा पुढील प्रवास मोठा विलक्षण आहे. ओव्याच्या ऊर्ध्वपातनाने निघणाऱ्या तेलात थायमॉल नामक द्रव्याचा अंश पुष्कळ असून, तेच स्फटिकरूपाने काष्ठौषधींच्या दुकानात ‘ओव्याचे फूल’ म्हणून मिळत आले आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातील ओवा जर्मनीस रवाना होई आणि थायमॉल काढण्याचा कारखानदारी व्यवसाय जवळजवळ सर्वस्वी तेथेच चाले. 1914 साली ती वाट बंद झाली, तेव्हा कुठे ते येथे करावयाचे आपणांस सुचले. अंकुशकृमींवरील ते त्या काळचे प्रमुख औषध होते, म्हणून ही निकड.

कोंबडीच्या पिलांपर्यंत हे द्रव्य शास्त्राच्या मार्गाने पोचावयास मात्र मध्ये एक निराळीच राजवट यावी लागली. 1950च्या सुमारास अमेरिकेत लेडर्ली कंपनीतील स्टोकस्टाड व ज्यूक्स हे ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाच्या उत्पादनातून उरलेला चोथा ब-12 जीवनसत्त्वासाठी पिलांना चारीत असता, जीवनसत्त्वाच्या हिशेबात न बसणारी वाढ त्यांना दिसली. आणि तेथून प्रतिजैविकांचा अंमल जगभरच्या दाण्यावर बसला. आपल्याकडे डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 साली वेंकटेश्वर हॅचरीज स्थापिली, 1982 साली अंड्यांच्या भावासाठी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभारली, आणि पुणे हे या धंद्याचे जणू कसब्याचे ठिकाण झाले. पुढे औषधांस न जुमानणारे जंतू वाढल्याचे ध्यानात येऊन स्वीडनने 1986 साली व सगळ्या युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद केले. भारतात 2019 साली कोंबड्यांना व जनावरांना कोलिस्टिन हे प्रतिजैविक देण्यावर बंदी आली. ती जागा भरून काढण्यास ओवा, लवंग व दालचिनी यांच्या तेलांतील द्रव्ये पुढे सरसावली.

थायमॉल स्नेहात विरघळणारे असल्याने जंतूच्या पटलात शिरते आणि त्याचा अंतर्भाग पाझरून जातो. शिवाय पाचकरसही काहीसे वाढतात. परंतु येथे सारा प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि आजीबाईंच्या चिमटीवरून मोठा सिद्धान्त उभारणाऱ्यांविषयी मला थोडी धास्तीच वाटते. किलोभर दाण्यास मात्रा पुष्कळदा शे-दीडशे मिलिग्रॅमचीच असते. खाद्याच्या गोळ्या पाडताना वाफेच्या उष्णतेने तेल उडून जाते, म्हणून ते स्निग्ध आवरणात कोंडावे लागते. इतके करूनही, जेथे तुसाची गादी कोरडी व पाणी निर्मळ, तेथे निरोगी पिलांत या तेलाचा गुण फारसा दिसून येत नाही. त्यामुळे एका ठिकाणचा प्रयोग दुसऱ्याशी क्वचितच जुळतो.