टेपमधला टाळ

टेपचं यंत्र १९३५ साली जर्मनीत, बर्लिनच्या प्रदर्शनात लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. आमच्या दिंडीपर्यंत यायला पुष्कळ वर्षं गेली. थोरल्या विणेकरीबुवांचा हरिपाठ तेवढ्या एका टेपवर राहिला. बुवा वैकुंठवासी झाले, यंत्र माळ्यावर पडलं. पुढं आम्ही बटण दाबणार, तोच रेडिओ दुरुस्तीवाल्यानं हात धरला. “महाराज, रबरी चाक कडक झालंय, टेप खाईल. हेडावर लोहचुंबक चढलंय, ते बारीक आवाज आधी पुसतं. टाळच जाईल!” त्यानं हेड स्पिरिटनं पुसलं, चुंबक उतरवलं, चाक अन् सुकलेले कंडेन्सर बदलले. मग टाळ खणखणीत वाजला. आम्ही हात जोडून उभे राहिलो. घरी जुनी टेप असेल तर आधी यंत्र नीट करा, मगच लावा.