सेल्फ, जुन्या ट्रॅक्टरचा : बिघाड आणि निदान

चावी फिरवली की इंजिनाला पहिले काही फेरे देणारी यंत्रणा म्हणजे ट्रॅक्टरचा सेल्फ. बॅटरी, जाड केबल, चावीचा स्विच, न्यूट्रल स्विच (गिअर न्यूट्रलला असेल तरच सेल्फ लागू देणारा), सॉलेनॉइड (मोटरला जाड प्रवाह जोडून देणारा विजेचा स्विच), स्टार्टर मोटर आणि अर्थिंग एवढेच तिचे भाग. यातला एखादा रुसला की पहिली कुऱ्हाड बॅटरीवर पडते. नवी बॅटरी येते, चार दिवस बरे जातात आणि मूळ दुखणे पुन्हा डोके वर काढते. बॅटरी डोळ्यांसमोर असते. दोष मात्र बऱ्याचदा जोडांमध्ये, रंगाखाली आणि गंजाखाली दडलेला असतो.

ही नोंद मुख्यतः १२ व्होल्टच्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरांविषयी आहे. आयशरने १९५९ मध्ये फरिदाबादला ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. १९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि त्यातून बी-२७५ शेतकऱ्यांपर्यंत पोचला. मद्रासच्या टॅफेने मॅसी फर्ग्युसनचे, पिंजोरच्या एचएमटीने झेटरचे ट्रॅक्टर बनवले. या घराण्यांतले म्हातारे ट्रॅक्टर अजूनही पेरणीला, मळणीला, पाण्याच्या टँकरला जुंपलेले दिसतात. त्यांच्या वायरिंगवरून मात्र अनेक मिस्तऱ्यांचे हात फिरलेले असतात; मूळ रंगाची वायर सापडली तर नशीब.

सेल्फ ही शेतात तशी उशिरा आलेली चैन. चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसला. ट्रॅक्टर त्यानंतरही बराच काळ हँडल मारूनच सुरू होत. जर्मनीतल्या लान्झ बुलडॉगचे डोके आधी ब्लोलँपने तापवावे लागे, तर ब्रिटनमधला फील्ड मार्शल बंदुकीसारखे काडतूस उडवूनही सुरू करता येई. १९४६ पासून कॉव्हेंट्रीत बनलेल्या फर्ग्युसन टीई-२० मध्ये सेल्फ होता आणि त्याला एक छान युक्ती जोडली होती : गिअरचा दांडाच सेल्फच्या खाचेत ढकलायचा. त्यामुळे गिअरमध्ये असताना सेल्फ मारणे शक्यच नव्हते.

निदानाची पहिली पायरी कानांची, आणि तिच्यात एक फाटा लगेच फुटतो. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा दाबली जाऊन तापते आणि डिझेल पेटते. त्यामुळे सेल्फ इंजिनाला जोमाने फिरवतो आहे आणि तरीही ट्रॅक्टर पेट घेत नाही, असे असेल तर वायरिंग उघडण्यात अर्थ नाही. तिथे टाकी, फिल्टर, डिझेलमध्ये धरलेली एअर आणि अर्धवट ओढलेला स्टॉपचा नॉब बघायचा. याला अपवाद थंडीचा. पर्किन्स कंपनीच्या तीन सिलिंडरी इंजिनावर हवेच्या मार्गात एक विजेवर तापणारा हीटर बसत असे. निफाडसारख्या ठिकाणी जानेवारीच्या पहाटे पारा पाच अंशांच्या खाली जातो, तेव्हा त्याची किंमत कळते. इतरत्र त्याची वायर कोणीतरी कधीच कापून टाकलेली असते.

इंजिन फिरतच नसेल किंवा कण्हत फिरत असेल, तर मामला विजेचा. पण तिथेच एक जुनी फसवणूक वाट बघत असते : ‘लाइट लख्ख लागतोय, म्हणजे बॅटरीत काही दोष नाही.’

हेडलाइटचा ४५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर जेमतेम ४ अँपियर घेतो. तीन सिलिंडरचे थंड डिझेल इंजिन फिरवताना स्टार्टर मोटर २०० ते ४०० अँपियर ओढते. आता बॅटरीच्या टर्मिनलवर पांढुरका क्षार चढून तिथे ओहमच्या शंभराव्या भागाएवढा रोध तयार झाला आहे असे धरू. ४ अँपियरच्या प्रवाहात त्या रोधावर ०.०४ व्होल्ट खर्ची पडतात, बल्बला पत्ताही लागत नाही. पण तिथूनच ३०० अँपियर न्यायचे म्हटले तर ३ व्होल्ट त्या एका जोडावर उष्णता होऊन संपतात, आणि बॅटरीच्या पाव ताकदीला सेल्फ मुकतो. अर्धवट बुजलेल्या पाइपातून हंडा भरतो, पण स्प्रिंकलर फिरत नाही, तसा हा प्रकार. म्हणून दिव्याचा उपयोग वेगळ्या रीतीने करावा. दिवे लावून ठेवायचे आणि सेल्फ मारताना त्यांच्याकडे बघायचे. दिवे पार विझू लागले आणि सेल्फ हलला नाही, तर बॅटरी दमली आहे, जोड सैल आहे किंवा मोटर अडकून भरमसाट प्रवाह ओढते आहे. दिवे तसेच तेजस्वी राहिले आणि सेल्फही गप्प, तर प्रवाह मोटरपर्यंत पोचतच नाही : दोष चावी, न्यूट्रल स्विच, सॉलेनॉइड किंवा मोटरच्या आतले कार्बन (ब्रश) यांत.

आवाजही बरेच सांगतो. सॉलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक दांडा ओढून घेणारी आणि दुसरी त्याला धरून ठेवणारी. चावी फिरवल्यावर ‘कट-कट-कट-कट’ असा सलग आवाज आला, तर दांडा ओढला जातो, मुख्य संपर्क जुळतो, त्याबरोबर व्होल्टेज कोसळते आणि दांडा सुटतो; मग तेच पुन्हा. दोष बहुधा बॅटरीत किंवा जोडात, क्वचित धरून ठेवणारी गुंडाळी तुटलेली. एकच ठसठशीत ‘खट्’ आणि पुढे शांतता, तर सॉलेनॉइडमधल्या तांब्याच्या चकत्या जळालेल्या असू शकतात किंवा मोटरचे कार्बन झिजलेले. अशा वेळी मोटरवर हातोडीने हलका ठोका मारला की सेल्फ एकदा उचलतो, हे ड्रायव्हर मंडळी पिढ्यानपिढ्या जाणतात. ठोक्याने कार्बन आर्मेचरच्या तांब्याला क्षणभर नीट टेकतात, एवढेच. हा इलाज नव्हे, निदान आहे. मोटर उघडायची वेळ झाल्याचे ते सांगते.

आणि मोटर भुर्रकन फिरते पण इंजिन जागचे हलत नाही, तेव्हा वीज निर्दोष असते. जुन्या मोटरांतला, दातेरी पिनियन पुढे सरकवून फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकवणारा बेंडिक्स तेलकट धुळीने चिकटलेला असतो किंवा त्या रिंगचे दात गेलेले असतात. इंजिन बंद होताना कुठल्या तरी सिलिंडरातल्या दाबाशी अडून थांबते, त्यामुळे ते दर वेळी ठरावीक जागीच थांबते. चार सिलिंडरच्या इंजिनात अशा जागा दोन, तीन सिलिंडरच्या इंजिनात तीन. सेल्फचा पिनियन तिथेच आदळत राहतो आणि रिंग तेवढ्याच भागात झिजते. ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून थोडा मागेपुढे हलवला, मग न्यूट्रल करून सेल्फ मारला आणि तो पकडला, तर दोष रिंगचाच समजावा.

कान आणि डोळ्यांनी जे सुटत नाही ते मल्टीमीटरने सुटते. साधा मीटर पुरतो. मोजायचे कुठे हे मात्र ठाऊक हवे. रात्रभर निवांत ठेवलेल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात. १२.२ म्हणजे ती जवळपास निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. नुकतीच चार्जरवरून काढली असेल तर दिवे मिनिटभर लावून मगच मोजावे, नाहीतर वरवरचे व्होल्टेज फसवते. पण स्थिर व्होल्टेज ही केवळ प्रस्तावना. खरी परीक्षा भाराखाली. स्टॉपचा नॉब ओढून ठेवावा म्हणजे इंजिन फिरेल पण पेटणार नाही. मदतनीसाने सेल्फ मारावा आणि त्याच वेळी बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर मीटर धरावा. आकडा ९.६ व्होल्टच्या वर राहिला तर बॅटरी कामाची. क्षणात ६-७ वर आपटला तर एखादा सेल गेला असावा. हायड्रोमीटरने सहाही सेलमधल्या ॲसिडची घनता तपासली की तो हाती लागतो. पाच सेल १.२५ दाखवतात आणि एकच १.१० वर अडतो, म्हणजे चार्जिंगने काही साधणार नाही.

पुढची मोजणी अधिक महत्त्वाची आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी होत नाही. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरी स्टार्टरच्या जाड बोल्टवर. सेल्फ फिरत असताना इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. मग एक टोचणी निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी स्टार्टरच्या उघड्या लोखंडी अंगावर, इथे ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. समजा, सेल्फ मारताना बॅटरीवर १०.८ व्होल्ट आहेत आणि मोटरला मिळतात ७.९. मधले २.९ व्होल्ट कुठे गेले? पॉझिटिव्ह बाजूला ०.३ सापडले, तर उरलेले २.६ अर्थिंगने खाल्ले. जुन्या ट्रॅक्टरात असे फार वेळा निघते. अर्थिंगची पट्टी बॅटरीच्या पत्र्याच्या चौकटीला बांधलेली असते. चौकटीला मागच्या दिवाळीत नवा रंग मारलेला असतो, आणि प्रवाहाला परतीची वाट म्हणून दोन गंजलेले बोल्ट उरतात. मीटर नसेल तर सेल्फ मारून झाल्यावर जोडांवर सावधपणे बोट टेकवावे. जो जोड तापला तो चोर. पट्टी काढून थेट इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या घासून चकचकीत केलेल्या लोखंडाला बसवली, की नव्या बॅटरीचे पैसे वाचल्याची उदाहरणे कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मिळतील.

सहा व्होल्टच्या ट्रॅक्टरात ही कटकट दुप्पट. अमेरिकेत १९४७ ते १९५२ या काळात निघालेला फोर्ड ८एन हा पेट्रोल ट्रॅक्टर ६ व्होल्टवर चाले. तेवढीच ताकद मिळवायला दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून त्याला मोटारीच्या नेहमीच्या केबल पुरत नाहीत. तशा बसवल्या की सेल्फ मलूल फिरतो.

चावी फिरवूनही सॉलेनॉइड ब्र काढत नसेल, तर बारीक वायरीचा रस्ता तपासावा : बॅटरी, चावी, न्यूट्रल स्विच, सॉलेनॉइडचे छोटे टोक. टेस्ट लँपची चिमटी अर्थला लावून एकेका टप्प्यावर टोचत जायचे. जिथे दिवा लागेनासा होतो त्याच्या अलीकडच्या तुकड्यात दोष. मॅसी १३५ मध्ये न्यूट्रल स्विच हाय-लो दांड्याशी जोडलेला असतो. दांडा थोडा हलवल्यावर सेल्फ लागला, तर संशयित तोच.

इथे एक जीवघेणी सवय नोंदवली पाहिजे. मागच्या चाकाशेजारी उभे राहून स्क्रू-ड्रायव्हरने सॉलेनॉइडची दोन टोके जोडायची आणि ट्रॅक्टर सुरू करायचा, हा प्रकार गावोगाव चालतो. असे केल्याने न्यूट्रल स्विच बाजूलाच पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो पेटतो आणि शेजारी उभ्या माणसाच्या अंगावरून जातो. डिझेलला ठिणगी लागत नसल्याने चावी बंद असूनही पेटतो. अशा अपघातांत जगभर माणसे मेली आहेत. बॅटरीचेही दोन नियम पाळावेत : काढताना अर्थची केबल आधी सोडायची आणि बसवताना ती शेवटी जोडायची, दुसऱ्या बॅटरीवरून सुरू करताना शेवटचा चिमटा इंजिनाच्या लोखंडाला लावायचा, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. ट्रकची २४ व्होल्टची जोडी तर जवळही आणू नये.

सगळे जोड चांगले, बॅटरीही चांगली, तरी दोन दिवसांनी ती उतरते, असे असेल तर चार्जिंगकडे वळावे. इंजिनाचा वेग थोडा वाढवल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. जुना डायनामो मंद वेगावर फारसा चार्ज करत नाही. दिवे लावून सावकाश चाललेला ट्रॅक्टर घेतो त्याहून कमीच परत भरतो. १९५०-६० च्या दशकांतल्या अनेक ब्रिटिश ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह अर्थ असे, आणि अशा ट्रॅक्टरात बॅटरी उलटी बसली तर गंमत होते. सेल्फची सिरीज मोटर दोन्ही प्रकारे एकाच दिशेने फिरते, म्हणून चूक कोणाच्या लक्षात येत नाही. मात्र अँमीटरचा काटा उलटा झुकतो. ऑल्टरनेटर बसवलेल्या ट्रॅक्टरात त्याच चुकीने डायोड जळतात.

महाराष्ट्रात तक्रारी जूनच्या तोंडावर वाढतात, त्यामागे उन्हाळा असतो. उभ्या बॅटरीचे आपोआप उतरणे तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. विदर्भातल्या ४५ अंशांत दोन महिने उघड्यावर राहिलेल्या बॅटरीचे पाणी प्लेटांखाली गेलेले असते, आणि रिकाम्या अवस्थेत पडून राहिल्याने प्लेटांवर कडक सल्फेट जमते. डिस्टिल्ड वॉटर घालून सावकाश चार्ज केल्यास काही बॅटऱ्या सावरतात, काही नाही. शेडमध्ये ट्रॅक्टर असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघून घ्याव्यात.

या सगळ्यातून मोटरच दोषी ठरली तर ती उतरवून टेबलावर तपासतात. कार्बन निम्म्याहून झिजले असतील तर बदलायचे, आर्मेचरचे तांबे काळे पडले असेल तर लेथवर हलका हात फिरवायचा, बुश सैल असतील तर नवे बसवायचे. बुश झिजले की आर्मेचर आतल्या लोखंडाला घासते आणि मोटर प्रवाह भरपूर खाऊन काम थोडे करते. पुन्हा बसवल्यावर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये मिनिट-दोन मिनिटांची उसंत द्यावी, नाहीतर गुंडाळ्यांचे वार्निश पहिल्याच आठवड्यात करपते.