देवराई (मराठी चित्रपट)

स्किझोफ्रेनिया या मनोविकारावरील मराठी चित्रपट (२००४). दिग्दर्शन सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर. लेखन सुमित्रा भावे. प्रमुख भूमिका अतुल कुलकर्णी (शेष), सोनाली कुलकर्णी (बहीण सीना) आणि देविका दफ्तरदार (कल्याणी) यांच्या. या आजाराच्या रुग्णांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी काम करणारी पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था निर्मितीत सहभागी होती.

शेष हा कोकणातल्या गावात राहणारा, बुद्धिमान पण अबोल तरुण. गावच्या देवराईचा त्याला ध्यास लागलेला आहे. देवाच्या नावाने राखलेल्या अशा रानात कुऱ्हाड न चालवण्याचा दंडक कोकणात व सह्याद्रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या रानांचा अभ्यास करून त्यांचे मोल दाखवून दिले. म्हणजे रानाविषयीची शेषची काळजी मुळात खरी आहे, आणि चित्रपटाची ताकद इथेच आहे. आजार कुठून तरी उपरा येत नाही. माणसाला जे सर्वांत प्रिय, त्यातच तो मुरतो. ज्या नात्यागोत्यात शेष वाढला त्यातली कल्याणी आणि ते रान त्याच्या मनात एकमेकांत मिसळू लागतात. ध्यास कुठे संपला आणि भ्रम कुठे सुरू झाला, हे घरच्यांना कळत नाही. प्रेक्षकालाही चटकन कळत नाही.

उपचाराविना गेलेला हा काळ चित्रपटाने फार समजून रंगवला आहे. पुरुषांमध्ये हा आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत डोके वर काढतो. शिक्षण, नोकरी, लग्न यांचे निर्णय त्याच वयात होतात. त्यामुळे एकलकोंडेपणा, संशय, तुटक बोलणे यांना ‘स्वभावच तसा’, ‘डोक्यात राख घालून घेतो’ अशी घरगुती कारणे मिळतात. उपचार जितके लांबतात तितके सावरणे अवघड होते. शेषच्या बाबतीत कोणी दुष्टपणा केलेला नाही, तरी वर्षे निघून जातात.

पुढे सीना त्याला शहरात स्वतःच्या घरी आणते व उपचार सुरू होतात. तिचा संसार, तिची ओढाताण, भावाविषयीची माया आणि त्याच्या वागण्याची धास्ती यांना चित्रपट रुग्णाइतकीच जागा देतो. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याचा थकवा मराठी पडद्यावर इतक्या आपुलकीने क्वचितच आला असेल. औषधे, डॉक्टर आणि घरच्यांचे समजून घेणे हे सारे लागते, आणि दीर्घकाळ लागते, हे चित्रपट आडपडदा न ठेवता सांगतो. हिंसक, हास्यास्पद किंवा भुताने झपाटलेला ‘वेडा’ रंगवण्याच्या चित्रपटीय सवयीपासून अतुल कुलकर्णी यांचा अभिनय कटाक्षाने दूर राहतो.

५२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘देवराई’ पर्यावरण संवर्धनावरील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. भावे-सुकथनकर यांनी पुढे ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश आणि ‘कासव’मध्ये नैराश्य हे विषय हाताळले. ‘कासव’ला ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. त्यात आत्महत्येच्या टोकाला गेलेल्या तरुणाला सावरणारी जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. तिथे भर मायेच्या सोबतीवर अधिक आहे. वैद्यकीय उपचारांची वाट दाखवण्यात मात्र ‘देवराई’ अधिक स्पष्ट आहे.