सही शिकवली, प्रश्न विचारायला कधी शिकवणार?

२०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची साक्षरता जवळपास ८३ टक्के आहे. म्हणजे सात वर्षांवरील दर सहा माणसांत पाच साक्षर. आकडा वाईट नाही. पण वस्तीत, तांड्यावर, कोलामांच्या पोडावर काम करताना या आकड्यावरचा आमचा विश्वास उडत जातो. कर्जाच्या कागदावर झोकात सही करणाऱ्या मावशीला व्याज किती लागणार हे कोणी सांगितलेले नसते. ग्रामसभेच्या रजिस्टरवर सही असते, ठराव काय झाला ते ठाऊक नसते. मग साक्षर कोणाला म्हणायचे? आणि प्रौढ शिक्षण नेमके कशासाठी? या प्रश्नाची उत्तरे आपल्या इतिहासात आहेत. सरकारी उत्तर आणि आपले उत्तर मात्र एक नाही.

सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात आपल्या घरी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा सुरू केली. दिवसभर राबणारी माणसे रात्री तिथे शिकत. तो काळ कागदाने माणूस बांधण्याचा होता. इंग्रजांच्या कोर्टात सावकाराच्या कर्जरोख्यावरचा अंगठा हाच पुरावा, मग आत काहीही लिहिलेले असो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा सगळा राग कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून त्यांनी जाळले. पाठोपाठ पुणे-नगर भागात गावोगाव हेच घडले. ज्याला कागद वाचू दिला नाही, त्याने तो जाळला. यात नवल ते काय? लिहिता-वाचता येणाऱ्या मूठभरांनी न येणाऱ्यांना कसे लुटले, हे जोतिरावांनी पुढे 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये उघड करून दाखवले. त्यांच्या लेखी प्रौढाचे शिक्षण म्हणजे लुटीपासून संरक्षण होते.

बाबासाहेबांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्देशांत वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासमंडळेही होती. म्हणजे शाळेचे वय उलटून गेलेल्या माणसाचाही विचार पहिल्या दिवसापासून होता. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट सायमन कमिशनच्या वेळची. निरक्षरांना मताचा अधिकार कसा द्यायचा, असा आक्षेप त्या काळी सर्रास घेतला जाई. बाबासाहेबांनी तो फेटाळून प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षर म्हणजे बुद्धी नसलेला नव्हे आणि मत वापरता वापरताच माणूस राजकारण शिकतो, ही त्यांची भूमिका होती. पुढे संविधानाच्या कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिले, साक्षरतेची अट न घालता. हे नीट समजून घ्या. 'आधी शिका, मग हक्क मागा' हे आपले तत्त्व कधीच नव्हते. हक्क आधीपासून आपला आहे, शिक्षण तो वापरण्यासाठी आहे.

आता सरकारी वाट पाहू. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि राज्यभर पसरली. गावेच्या गावे साक्षर जाहीर झाली, ग्रामगौरव समारंभ झाले. पण समारंभानंतर वाचायला पुस्तक नाही, लिहायला निमित्त नाही. शिकलेली अक्षरे अनेक जण विसरले. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला. १५ ते ३५ वयाच्या १० कोटी लोकांना पाच वर्षांत शिकवायचे, असे लक्ष्य होते. त्याची तीन अंगे होती: साक्षरता, व्यवहारातील कुशलता आणि सामाजिक जाणीव. गरीब माणसाने आपल्या गरिबीची कारणे ओळखावीत, हे त्या वेळी सरकारी कागदावर तरी आले होते.

जाणीव खरोखर जागी झाली की काय होते, हे आंध्रातील नेल्लोर जिल्ह्याने दाखवले. तिथल्या साक्षरता मोहिमेच्या वाचनपाठात दारूविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाईची गोष्ट होती. ती वाचून दुबागुंटा गावच्या बायांनी अरकाचे दुकान बंद पाडले. १९९२ मध्ये ते आंदोलन जिल्ह्याबाहेर पसरले आणि १९९३ मध्ये सरकारला अरकाबंदी करावी लागली. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा याचे याहून थेट उदाहरण कोणते?

आणि जाणीव झोपवली की काय होते, हे आपल्या यवतमाळने भोगले. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणाचा त्रिकोण छापलेला असतो. लाल सर्वांत घातक, मग पिवळा, निळा, हिरवा. सोबत बारीक अक्षरांचा कागदही असतो. लगेच बोलणे सुरू झाले, शेतकऱ्यांनी काळजी घेतली नाही. पण फवारणारा मजूर डबा विकत घेत नाही. बहुधा त्याच्या हाती येतो तो भरलेला पंप. त्याला अक्षरे येत असती तरी वाचायला काय होते? 'यात कोणते औषध आहे? हातमोजे-मास्क कुठे आहे? त्याशिवाय आम्ही फवारणार नाही,' असे चार मजुरांनी मिळून म्हणणे, हे त्याचे प्रौढ शिक्षण होते. ते त्याला कोणीच दिले नाही.

आजचे धोरण ते देईल का? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रौढ शिक्षण आणि आजीवन अध्ययनावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील जीवनकौशल्यांच्या यादीत आर्थिक आणि डिजिटल साक्षरता, व्यावसायिक कौशल्ये, आरोग्य, बालसंगोपन, कुटुंबकल्याण आहे. या गोष्टी कामाच्या आहेत, त्यांना आमचा विरोध नाही. पण त्या यादीत मजुरीचा हक्क नाही, जात नाही. माणसाने बदललेल्या जगाशी जुळवून घ्यावे एवढीच अपेक्षा आहे, जग बदलावे ही नाही. २०२२ पासून राबवल्या जाणाऱ्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात, म्हणजे 'उल्लास'मध्ये, पाच वर्षांत ५ कोटींचे लक्ष्य आहे. शिकवायचे स्वयंसेवकांनी, विनामोबदला. शेवटी वाचन, लेखन, संख्याज्ञान अशी १५० गुणांची परीक्षा आणि प्रमाणपत्र. सातारच्या ग्रामगौरवानंतर जे झाले, तेच प्रमाणपत्रानंतर होऊ नये याची तजवीज कोण करणार?

ती आपल्याला करावी लागेल. स्वयंसेवक म्हणून आपल्या तरुणांनी नाव जरूर द्यावे. वर्ग बुद्धविहारात, समाजमंदिरात भरवावा. पण पाठ आपल्या जगण्यातले घ्यावेत: सातबारा, रोजगार हमीचे जॉबकार्ड, वनहक्काचा दावा, कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता, औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण. पोडावर शिकवताना कोलामी जाणणारा साथी बरोबर असावा, कारण परक्या भाषेत माणूस प्रश्न विचारायला बिचकतो. आणि परीक्षा झाली तरी वर्ग बंद करू नये. आठवड्यातून एक संध्याकाळ पेपर वाचनाला आणि ग्रामसभेच्या तयारीला ठेवावी.

वर्गाचे यश मोजायचे तर एवढेच पाहावे, की पुढच्या ग्रामसभेत सही करण्याआधी किती जणींनी 'आधी ठराव वाचून दाखवा' म्हटले.

जय भीम!