तळटीप : नाबोथाचा द्राक्षमळा
जुन्या करारातील 1 राजे, अध्याय 21 मधील कथा. इज्रेल येथे राजवाड्याला लागून असलेला नाबोथाचा मळा अहाब राजाला भाजीपाल्यासाठी हवा होता. बदल्यात त्याहून चांगला मळा किंवा रोख किंमत देण्याची त्याची तयारी होती. मागणी वरकरणी रास्तच. पण वडिलार्जित जमीन देणे नाबोथाला अधर्माचे वाटले, कारण लेवीय 25:23 नुसार जमीन देवाची, माणूस तिथे उपरा. नकार ऐकून राजा अंथरुणावर तोंड फिरवून पडला, जेवेनासा झाला. सारे राज्य हाताशी असताना एका मळ्यापायी अन्न गोड लागू नये, यातच लोभाचे खरे रूप दिसते. मग ईजबेल राणीने राजाच्या नावाने मोहरबंद पत्रे धाडली, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडमार करून मारण्यात आले. लोभ न धरण्याची दहावी आज्ञा मोडली, तिच्यामागोमाग खोटी साक्ष, खून आणि चोरी यांविषयीच्या आज्ञाही मोडल्या. (कॅथलिक गणनेत लोभाचा निषेध नवव्या व दहाव्या आज्ञांत विभागलेला आहे.) चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी याच कथेवर स्वतंत्र ग्रंथ लिहून धनिकांना धारेवर धरले.

मत्सर लोभाहून वेगळा. त्यात वस्तू हवीच असते असे नाही. दुसऱ्याचे भले सलते. थॉमस अक्वायनस यांनी त्याची गणना दुःखाच्या प्रकारांत केली. येशूला धरून देण्यामागे हाच मत्सर होता, हे रोमन सुभेदार पिलाताने ओळखले होते (मत्तय 27:18).